स्कोअरमध्ये ब्रास कसं लिहायचं: चार हॉर्न, तीन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा

प्रश्न थोडक्यात असा: पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी एक रचना संगणकावर बांधून झाली आहे. ब्रासमध्ये (पितळी फुंकवाद्यांत) ४ हॉर्न, ३ ट्रंपेट, ३ ट्रॉम्बोन आणि १ ट्यूबा आहे. सॉफ्टवेअरनं स्कोअरमध्ये, म्हणजे सगळी वाद्यं एकाखाली एक असलेल्या कागदावर, माणशी एक अशा ११ पंचरेषा मांडल्या आहेत. त्या किती ठेवायच्या, कुठला क्रम, हॉर्न-ट्रंपेटला की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅट चिन्हं) द्यायची का, आणि म्यूट, स्टॉप्ड, ग्लिसांदो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) वगैरे कसं लिहायचं?

आधी सरळ उत्तर. अकराच्या सहा पंचरेषा करा. वरून खाली: हॉर्न १-२, हॉर्न ३-४, ट्रंपेट १-२, ट्रंपेट ३, ट्रॉम्बोन १-२, आणि सगळ्यात खाली तिसरा म्हणजे बेस ट्रॉम्बोन व ट्यूबा मिळून एक. ट्यूबा स्वतंत्र चालत असेल तर त्याला वेगळी सातवी द्या. या सगळ्यांना मिळून डावीकडे एक कंस, आणि बार-रेषा (ठोक्यांचे गट, म्हणजे बार, पाडणाऱ्या उभ्या रेषा) कंसापुरत्याच सलग. वरच्या बसूनला (वुडविंड, म्हणजे लाकडी फुंकवाद्यांतलं खालच्या सुरांचं वाद्य) आणि खालच्या टिंपनीला (मोठ्या नगाऱ्यांना) त्या जोडायच्या नाहीत. कंडक्टरची नजर पानावर या तुकड्यांवरूनच वाट काढते.

ट्रंपेट उंच वाजतात, तरी हॉर्न त्यांच्या वर का? कारण हॉर्नचं अर्धं आयुष्य वुडविंडच्या संगतीत जातं. बसूनच्या लगेच खाली हॉर्न असले की वुडविंडचे कॉर्ड वाचताना डोळ्याला उडी मारावी लागत नाही. सॉफ्टवेअरच्या तयार साच्यात हा क्रम बरोबर असतो. बिघडतो तो आपण नंतर वाद्यं हातानं घातली की.

हॉर्न जोडीजोडीनं का लिहितात हे कळलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. व्हॉल्व्ह (बोटांनी नळीची लांबी बदलणाऱ्या कळा) १८१०च्या दशकात आले. त्याआधीचा हॉर्न म्हणजे नुसती गुंडाळलेली नळी. ज्या लांबीचा क्रूक (वरून जोडायची नळी) बसवाल त्याच सुराची हार्मोनिक मालिका, म्हणजे नुसत्या फुंकीनं निघणारे ठराविक सूर, मिळायची. जोडीत एक वादक वरचे सूर सांभाळणारा, दुसरा खालचे. चार हॉर्न लागले की अशा दोन जोड्या, पुष्कळदा वेगवेगळ्या क्रूकवर. म्हणून १ आणि ३ वरचे, २ आणि ४ खालचे. आज बहुतेकांच्या हातात एफ-बी फ्लॅटचा डबल हॉर्न असतो, तरी वादकांची तयारी आणि बसायची व्यवस्था अजून याच हिशोबानं चालते. चौथा म्हणजे कच्चा असं मात्र समजू नका. बीथोवनच्या नवव्या सिंफनीच्या संथ भागातला प्रसिद्ध सोलो चौथ्या हॉर्नलाच आहे.

आता हे कागदावर कसं उतरतं ते पाहा. चार हॉर्ननी बी फ्लॅट मेजरचा कॉर्ड धरायचा आहे. ऐकू येणारे सूर खालून वर असे: मधल्या सीच्या खालचा बी फ्लॅट, मग डी, एफ आणि वरचा बी फ्लॅट. नवा माणूस वरचे दोन सूर १-२ ला आणि खालचे दोन ३-४ ला देतो, कारण पंचरेषा तशा दिसतात. त्यानं दुसरा हॉर्न उगाच वर चढतो आणि तिसरा खाली रेंगाळतो. योग्य वाटणी गुंफलेली असते: १ ला वरचा बी फ्लॅट, ३ ला एफ, २ ला डी, ४ ला खालचा बी फ्लॅट. हॉर्न एफमधला असल्यानं प्रत्येक सूर पाचव्या सुरावर, म्हणजे सात सेमिटोन (अर्धे सूर) वर लिहायचा. तेव्हा वरच्या पंचरेषेवर (१-२) सर्वांत वरच्या रेषेवरचा एफ आणि दुसऱ्या घरातला (दोन रेषांमधल्या जागेतला) ए. खालच्या पंचरेषेवर (३-४) तिसऱ्या घरातला सी आणि पहिल्या घरातला एफ. दोन्ही पंचरेषांवर मोकळं अंतर राहतं, नोटा एकमेकींना चिकटत नाहीत आणि प्रत्येक जण आपापल्या पट्ट्यात राहतो.

ट्रान्स्पोझिशन, म्हणजे लिहिलेला सूर एक आणि ऐकू येणारा दुसरा, हे मराठी माणसाला खरं तर लवकर कळायला हवं. पांढरी एक, काळी पाच ही भाषा आपल्याला नवी नाही. पांढरी एक म्हणजे सी. बी फ्लॅट ट्रंपेटवाला कागदावरचा सी वाजवतो तेव्हा काळी पाच ऐकू येते, लिहिल्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली. एफ हॉर्नवाला मधला सी वाजवतो तेव्हा त्याखालची पांढरी चार ऐकू येते. काळी पाचला गाणारा गायक ‘सा’ म्हणतो आणि हार्मोनियमवाला योग्य पट्टी दाबतो, तसंच काहीसं. मात्र हे साम्य एका ठिकाणी तुटतं. आपला सा गाण्याचा असतो, यांचा सी नळीचा. रचना कुठल्याही कीमध्ये असो, हॉर्नचा सी पांढरी चारलाच राहणार.

हिशोब असा. रचना बी फ्लॅट मेजरमध्ये असेल (२ फ्लॅट) तर बी फ्लॅट ट्रंपेटच्या कागदावर सी मेजर येतो, काही चिन्ह नाही. हॉर्नच्या कागदावर एफ मेजर, १ फ्लॅट. रचना डी मेजर असेल (२ शार्प) तर हॉर्न ए मेजर, ३ शार्प. बी फ्लॅट ट्रंपेट ई मेजर, ४ शार्प. बी मेजर असेल तर बी फ्लॅट ट्रंपेटला सी शार्प मेजर, ७ शार्प. तिथे हातानं डी फ्लॅट मेजर करून ५ फ्लॅटवर आणा. सॉफ्टवेअर कधी हे आपोआप करतं, कधी ई शार्प आणि बी शार्पचा पाऊस पाडतं. छापण्याआधी हॉर्न आणि ट्रंपेटचे पार्ट (एकेका वादकाचे कागद) फक्त एवढ्याच एका नजरेनं वाचून काढा.

ट्रंपेट बी फ्लॅटमध्ये लिहायचा की सीमध्ये? सी ट्रंपेट जसा लिहिला तसाच वाजतो आणि शार्पच्या कीमध्ये त्याचा कागद सुटसुटीत दिसतो. सिंफनी ऑर्केस्ट्रातला वादक दोन्ही बाळगतो आणि मनातल्या मनात बदलूनही वाचतो. पण बँड, चर्च किंवा स्टुडिओतून आलेल्या वादकाकडे बहुधा बी फ्लॅट ट्रंपेटच असतो. कोण वाजवणार हे ठाऊक नसेल तर बी फ्लॅटमध्ये लिहा. कसंही लिहा, पण वाद्याच्या नावापुढे ते छापा, पहिल्या पानावर पूर्ण आणि पुढे संक्षेपात.

की सिग्नेचरचा वाद जुना आहे. परंपरेनं हॉर्न आणि ट्रंपेटला की सिग्नेचर नसते. ट्रॉम्बोन आणि ट्यूबाला असते. कारण पुन्हा तेच. क्रूक बदलला की कागद आपोआप सी मेजरमध्ये यायचा, मग चिन्हं कशाला? व्हॉल्व्ह आल्यावरही सवय राहिली आणि बरेच हॉर्नवाले अजून तसंच पसंत करतात. माझं मत: रचना एका कीमध्ये बराच वेळ राहत असेल आणि वादक बँडच्या वळणाचे असतील तर की सिग्नेचर द्या. दर आठ बारला की सरकत असेल तर हॉर्न-ट्रंपेटची काढून टाका आणि प्रत्येक बारमध्ये प्रत्येक शार्प-फ्लॅट लिहा. मधलं काही करू नका. आणि काढायची ती वाद्याच्या सेटिंगमधूनच काढा. सिबेलियस आणि डॉरिको या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हॉर्नचा ‘की नसलेला’ प्रकार वेगळा दिलेला असतो. की सिग्नेचर निवडून डिलीट केली तर ती सगळ्या ऑर्केस्ट्राची जाऊ शकते, किंवा नुसती दिसेनाशी होऊन नोटांपुढची चिन्हं चुकीची राहतात. पहिल्या प्रकारची चूक लगेच दिसते, दुसरी थेट तालमीत कळते.

क्लेफ म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला सूर ते ठरवणारं चिन्ह: ट्रेबल वरच्या सुरांसाठी, बेस खालच्या. हॉर्न बेस क्लेफमध्ये गेला की एक जुना सापळा आहे. जुन्या पद्धतीत ट्रेबल क्लेफमध्ये हॉर्न लिहिल्यापेक्षा पाचव्यानं खाली वाजतो, पण बेस क्लेफमध्ये लिहिल्यापेक्षा चौथ्यानं वर. बेस क्लेफच्या खालच्या रेषेच्या लगेच खालचा एफ ऐकू यायला हवा असेल, तर आजच्या पद्धतीत दुसऱ्या घरातला सी लिहायचा. जुन्या पद्धतीत तोच सी एक सप्तक खाली, दोन लेजर लाईनींवर (पंचरेषेबाहेरच्या छोट्या जादा रेषांवर) लटकलेला. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचा फरक. आज नवीच पद्धत वापरा आणि स्कोअरच्या पहिल्या पानावर आणि हॉर्नच्या पार्टवर एक ओळ छापा: ‘बेस क्लेफमध्येही हॉर्न पाचव्यानं खाली वाजतो.’ ही ओळ नसेल तर चौथा हॉर्नवाला खोलवरची नोट बघून आपल्या अंदाजानं निर्णय घेतो, आणि दोघांचा अंदाज वेगळा निघाला की अर्धी तालीम त्यात जाते. त्याहून सोपा उपाय म्हणजे बेस क्लेफ टाळणं. ट्रेबल क्लेफच्या खाली तीन लेजर लाईनींवरच्या एफपर्यंत हॉर्नवाले आरामात वाचतात. एका नोटेसाठी क्लेफ बदलू नका.

स्कोअर ट्रान्स्पोझिंग ठेवायचा की सगळा कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे ऐकू येणाऱ्या सुरांत? रशियन संगीतकार प्रोकोफिएव आपले स्कोअर सीमध्ये लिहीत असे, म्हणजे परंपरा दोन्हींना आहे. वादकाचा पार्ट मात्र नेहमी ट्रान्स्पोज केलेलाच हवा. मी ट्रान्स्पोझिंग स्कोअरच्या बाजूचा. कंडक्टर ‘तिसरा हॉर्न, तुमचा जी नॅचरल आहे’ असं म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर आणि वादकासमोर तोच जी असतो. कॉन्सर्ट पिचचा स्कोअर दिलात तर पहिल्या पानावर ठळक लिहा. आणि पार्ट काढताना सॉफ्टवेअरमधलं कॉन्सर्ट पिचचं बटण बंद आहे ना ते बघा. ते चालू राहून पार्ट छापले गेले की संपूर्ण हॉर्न विभाग पाचव्यानं खाली वाजतो आणि पहिले काही क्षण कोणालाच कळत नाही बिघडलं काय.

ट्रॉम्बोनचं बरं आहे. बी फ्लॅटमधलं वाद्य असूनही ऑर्केस्ट्रात तो ट्रान्स्पोज होत नाही. लिहिलं तेच वाजतं. बेस क्लेफ हे घर. वर बराच वेळ राहणार असेल तर टेनर क्लेफ. जुन्या युरोपीय स्कोअरमध्ये पहिल्या ट्रॉम्बोनला आल्टो क्लेफही दिसतो. ऑर्केस्ट्राचा ट्रॉम्बोनवाला तिन्ही वाचतो, पण स्टुडिओत किंवा बँडमध्ये वाढलेल्याला टेनर क्लेफ अडू शकतो. शंका असेल तिथे बेस क्लेफ आणि तीन लेजर लाईनी चालतील. ट्रेबल क्लेफ मात्र नको. ब्रिटिश वळणाच्या ब्रास बँडमध्ये टेनर ट्रॉम्बोन आणि युफोनियम ट्रेबल क्लेफमध्ये, लिहिल्यापेक्षा नवव्या सुरानं खाली वाजतात. ती पद्धत आणि ऑर्केस्ट्राची पद्धत एका पानावर आली की गोंधळ ठरलेला. ट्यूबाला तर काहीच सांगावं लागत नाही. वादकाकडे एफ, ई फ्लॅट, सी, बी फ्लॅट यांपैकी कुठलाही ट्यूबा असो, तो ऐकू येणारा सूर वाचतो. लेजर लाईनी लिहा. ‘सप्तक खाली’ची तुटक रेषा नको. त्या रेषांच्या संख्येवरून त्याला बोटं ओळखता येतात, तुटक रेषेनं ती ओळख मोडते.

एका पंचरेषेवर दोन माणसं आली की प्रत्येक प्रवेशाला ‘कोण?’ हे लिहावंच लागतं. बहुतेक हौशी स्कोअर इथेच घसरतात. दोघांनी एकच सूर एकत्र वाजवायचा तर ‘आ २’, म्हणजे इटालियनमधलं ‘आ दुए’. एकट्या पहिल्यानं वाजवायचं तर ‘१.’, एकट्या दुसऱ्यानं तर ‘२.’, अशा वेळी दुसऱ्याचे विराम दाखवायची गरज नाही. दोघांचे सूर वेगळे पण लय एक, तर एकच दांडी. लय वेगळी झाली की पहिल्याच्या दांड्या वर, दुसऱ्याच्या खाली, आणि प्रत्येकाचे विराम वेगळे. दोन्ही ओळी एकमेकींना ओलांडू लागल्या की पंचरेषा वेगळ्या करा. कागद वाचवण्यात अर्थ नाही. स्ट्रिंगमधला ‘दिविसी’ हा शब्द इथे वापरत नाहीत, कारण इथे प्रत्येक ओळीमागे आधीच एक ठरलेला माणूस आहे.

काहीच न लिहिता पंचरेषेवर एकच ओळ असली तर काय होतं? स्कोअर वाचणाऱ्याला कळत नाही आणि पार्ट काढणारं सॉफ्टवेअर आपल्या मनानं ठरवतं: कधी दोन्ही पार्टमध्ये तीच ओळ टाकतं, कधी फक्त पहिल्याच्या. कोवळा हॉर्न सोलो दोघं मिळून वाजवतात ते असं. यावर चांगला उपाय म्हणजे लिहिताना माणशी एक पंचरेषाच ठेवायची आणि छापताना सॉफ्टवेअरला त्या एकत्र करू द्यायच्या. डॉरिको हे स्वतः करतो. म्यूझस्कोअर किंवा सिबेलियसमध्ये हातानं करावं लागलं तरी पार्टसाठी मूळ वेगळ्या पंचरेषांची फाइल जपून ठेवा. तुमच्या ११ पंचरेषा म्हणूनच टाकून देण्यासारख्या नाहीत.

डायनॅमिक्स दोघांना सारखे असतील तर पंचरेषेखाली एकदाच. वेगळे असतील तर पहिल्याचे वर, दुसऱ्याचे खाली. स्लर म्हणजे ‘मधे जीभ लावू नका’. पियानोच्या स्कोअरमधून आलेले आठ-आठ बारांचे कमानीसारखे स्लर ब्रासच्या कागदावर अर्थहीन आहेत. वादकाला श्वास घ्यायचा असतो, आणि ट्यूबात तर खालचा सूर जोरात धरला की हवा फार लवकर संपते. लांब सूर चालूच हवा असेल तर दोघांना द्या आणि ‘श्वास आळीपाळीनं’ असं लिहा.

म्यूटपाशी आलो की स्पष्टता सगळ्यात जास्त हवी. म्यूट म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडात, बेलमध्ये, आवाज बदलायला लावायचं बूच. ‘कॉन सॉर्दिनो’ म्हणजे म्यूट लावून, ‘सेंझा सॉर्दिनो’ म्हणजे काढून. ट्रंपेटला नुसतं कॉन सॉर्दिनो लिहिलं तर तो स्ट्रेट म्यूट लावणार. कप, हार्मन, प्लंजर हवा असेल तर नावानं सांगा. हार्मनला मधली दांडी आत हवी की काढलेली, तेही. दोन्हींचा आवाज इतका वेगळा असतो की न सांगणं म्हणजे वादकावर सोडणं. प्लंजरला + म्हणजे बंद आणि लहान वर्तुळ म्हणजे उघडा. हार्मन लावून फोर्तिस्सिमो लिहिलं तरी ऑर्केस्ट्राच्या गजरात ते ऐकू येत नाही. तिथे बाकीच्यांना गप्प करा.

वेळेचा हिशोब करा. १२० च्या गतीला चार ठोक्यांचे दोन बार म्हणजे बरोबर ४ सेकंद. ट्रंपेटचा स्ट्रेट म्यूट तेवढ्यात निवांत लागतो. हॉर्नला जरा जास्त द्या. ट्यूबाचा म्यूट बादलीएवढा असतो, वादक वाकून तो उचलतो, बेलमध्ये सोडतो. निदान दहा सेकंद मोकळे ठेवा. आणि सूचना वाजवायच्या जागी नव्हे, आधीचा शेवटचा सूर संपतो तिथे द्या: ‘म्यूट घ्या’. सोळा बार विराम, सतराव्या बारवर कॉन सॉर्दिनो, असं लिहिलं की वादकाला ते सोळावा बार मोजताना कळतं.

हॉर्नचा स्टॉप्ड सूर आणि म्यूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॉप्ड म्हणजे उजवा हात बेलमध्ये घट्ट बसवणं. आवाज धातूचा, नाकातला, थोडा कडवट होतो. प्रत्येक नोटेवर + लिहायचं, मोकळा सूर परत आला की पहिल्या नोटेवर लहान वर्तुळ. जर्मन स्कोअरमध्ये ‘गेश्टॉप्फ्ट’, फ्रेंचमध्ये ‘बूशे’ दिसतं, अर्थ तोच. ‘क्युइव्रे’ मात्र वेगळं: ती धारदार, पितळी फुंक आहे, ती मोकळ्या सुरावरही चालते. हात घट्ट बसला की सूर साधारण एक सेमिटोन चढतो, म्हणून हॉर्नवाला स्वतः एक सेमिटोन खालची बोटं लावतो. ही दुरुस्ती त्याची आहे, तुमची नाही. तुम्ही नेहमीप्रमाणे पाचव्यानं वर लिहा. दोघांनीही ‘सुधारलं’ की सेमिटोनची चूक राहते, आणि सगळे हॉर्नवाल्याच्या कानाला दोष देतात. लिहिलेल्या मधल्या सीच्या खाली स्टॉप्ड सूर दुबळे आणि डळमळीत होतात. तिथे म्यूट बरा. स्टॉप्डचा फायदा एवढाच की हात आत घालायला एक ठोकाही पुरतो.

फ्लटर-टंगसाठी (जीभ फडफडवत फुंकण्यासाठी) दांडीवर तीन आडव्या रेषा आणि शेजारी शब्द लिहा. नुसत्या रेषा दिसल्या की एखादा वादक त्या मोजून बत्तीसाव्या नोटा वाजवायला बसतो.

ट्रॉम्बोनचा ग्लिसांदो म्हणजे दोन नोटांमधली तिरकी रेषा, एवढं पुरेसं नाही. स्लाईडच्या (पुढेमागे सरकणाऱ्या नळीच्या) सात जागा आहेत, पहिली ते सातवी, प्रत्येक एक सेमिटोन खाली. ग्लिसांदो खरा होण्यासाठी दोन्ही टोकं एकाच हार्मोनिकवर हवीत, म्हणजे जास्तीत जास्त सहा सेमिटोन. साध्या टेनर ट्रॉम्बोनवर पहिल्या आणि सातव्या जागेच्या जोड्या अशा: दुसऱ्या रेषेवरचा बी फ्लॅट आणि खालच्या लेजर लाईनवरचा ई; चौथ्या रेषेवरचा एफ आणि दुसऱ्या रेषेवरचा बी; पंचरेषेच्या लगेच वरचा बी फ्लॅट आणि तिसऱ्या घरातला ई; त्यावरचा डी आणि चौथ्या घरातला जी शार्प; सगळ्यात वर एफ आणि बी. या पाच जोड्यांच्या आत काहीही चालतं. पण पहिल्या घरातला ए ते दुसऱ्या घरातला सी, फक्त तीन सेमिटोन, थंब व्हॉल्व्हशिवाय (अंगठ्यानं जादा नळी जोडणाऱ्या कळेशिवाय) होत नाही, कारण बी फ्लॅट आणि बीच्या मध्ये सांधा येतो. मोठी माणसंही इथे वादकांना अडचणीत टाकून गेली आहेत. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या १९४३च्या ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’मध्ये बेस ट्रॉम्बोनला खालच्या बीपासून एफपर्यंत ग्लिसांदो आहे. जुन्या एफमधल्या बेस ट्रॉम्बोनवर तो सहज यायचा. आजच्या नेहमीच्या वाद्यावर नळी ओढून, युक्त्या लढवूनच जमवावा लागतो. ग्लिसांदोला कुठल्या ठोक्यावर सुरुवात आणि कुठे शेवट हेही दाखवा, नाहीतर एक जण लगेच घसरतो आणि दुसरा शेवटच्या क्षणी.

त्याच वाद्याची आणखी एक पोकळी: थंब व्हॉल्व्ह नसलेल्या टेनर ट्रॉम्बोनला खालच्या ईच्या खालचे ई फ्लॅट ते बी हे सूर नाहीत, त्यानंतर एकदम पेडल बी फ्लॅट, म्हणजे नळीचा मूळ सूर. तुमचा खालचा डी दुसऱ्या ट्रॉम्बोनला दिला असेल तर तो बेस ट्रॉम्बोनकडे सरकवा.

तोलाबद्दल. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवनं दिलेला हिशोब अजून कामाचा आहे: जोरात वाजताना एक ट्रंपेट बरोबर एक ट्रॉम्बोन बरोबर दोन हॉर्न. म्हणजे चार सुरांच्या कॉर्डमध्ये दोन सूर ट्रंपेटला आणि दोन सूर एकेका हॉर्नला दिले तर आतले सूर बुडणार. त्या हॉर्नना ‘आ २’ करा. हलक्या आवाजात मात्र हा फरक जवळजवळ मिटतो. संगणकावरचा आवाज याबाबत ठकवतो. सॅम्पल लायब्ररीत (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांच्या संचात) ‘चार हॉर्न’ नावाचा आवाज असतो. त्यावर चार सुरांचा कॉर्ड दाबलात की सोळा हॉर्न वाजतात. मग सभागृहात चार माणसं तेच वाजवतात आणि संगीतकार विचारतो, आवाज बारीक का? कॉर्डसाठी एकट्या हॉर्नचा आवाज घ्या, चार वेळा.

शेवटी पार्ट. प्रत्येक वादकाला स्वतःचा. हॉर्न १-२ चा एकत्र पार्ट देऊ नका. पंचरेषेची उंची सुमारे ७.५ मिमी ठेवा, ७ च्या खाली नको. स्टँड दूर असतो आणि पुष्कळदा उजेड कमी. पान उलटायला दोन-तीन बारांचा विराम शोधा, आणि म्यूट लावायचा असेल त्याच विरामात पान उलटणं नको, हात दोनच असतात. वीस-तीस बार गप्प बसलेल्या ट्रॉम्बोनला प्रवेशाआधी दोन बारांचा क्यू (इशारा) द्या, लहान नोटांत, त्याला खरोखर ऐकू येणाऱ्या वाद्याचा. त्याच्या मागे बसलेल्या टिंपनीचा क्यू उपयोगी. समोर वीस फुटांवरच्या व्हायोलाचा नाही. आणि तो क्यू वाचणाऱ्याच्या क्लेफमध्ये आणि त्याच्या ट्रान्स्पोझिशनमध्ये लिहा.

गोव्याच्या पॅरिश (चर्चच्या) शाळांतून सोल्फेज (नोटा वाचून गाणं) शिकून मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत आलेल्या पिढ्यांच्या काळात हे सगळं हातानं लिहिलं जायचं. सेबास्टियन डिसूझांसारख्या अरेंजरना पार्ट वादकाच्या सोयीचा का हवा हे सांगावं लागत नसे, कारण चूक त्याच दिवशी, त्याच टेकमध्ये उघडी पडायची. आता ती पडायला पहिली तालीम लागते. त्याआधी एक चाचणी घरी करता येते. स्कोअरमध्ये एखादी अशी जागा शोधा जिथे ट्रंपेट, हॉर्न आणि ट्रॉम्बोन एकाच सुरावर येतात, समजा मधल्या सीच्या खालच्या बी फ्लॅटवर, आणि तिन्ही छापील पार्ट शेजारी ठेवा. ट्रॉम्बोनच्या कागदावर बी फ्लॅट, बी फ्लॅट ट्रंपेटच्या कागदावर मधला सी आणि हॉर्नच्या कागदावर त्यावरचा एफ दिसला, तर छापायला पाठवा.